ब्राउनवरचं सारवण

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि हे सांगायची एकही संधी मी सोडत नाही. शिक्षण सिव्हिलचं. राहते कुवेतमध्ये, मंगफला, नोकरी जमिनीची पातळी आणि भराव तपासण्याची. त्यामुळे क्लबच्या समितीनं समुद्राकडच्या जुन्या रेतीच्या गोल्फ कोर्सची पाहणी माझ्याकडे दिली, तेव्हा मला नवल वाटलं नाही. तिथं मी सहा वर्षं दर शुक्रवारी खेळत होते.

शेजारचा कोर्स सगळ्यांना ठाऊक. हिरवागार, मोठ्या स्पर्धा तिथंच. त्याच्या कुंपणाला लागून आमची नऊ होल्स. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगायचा तर ‘त्या मोठ्याच्या मागं’ असंच म्हणावं लागायचं. समितीपुढचा प्रश्न साधा होता. आमचा कोर्स ठेवायचा, की त्यावर गवत पसरून मोठ्याला सरावाचं मैदान करून द्यायचं? ते मी भरलेल्या पाहणीच्या फॉर्मवर ठरणार होतं. कोर्स गेला असता तर आम्हा नर्सना, टेक्निशियनना, इंजिनियरना खेळायला दुसरी जागा नव्हती. मोठ्या कोर्सचं सभासदत्व आमच्या आवाक्यातलं नव्हे.

समितीत मराठी माणूस एकच. पुण्याचे एक सर, मोठ्या कोर्सचे जुने सभासद. त्यांचं मत आधीच तयार होतं.

“गवत नाही तिथं गोल्फ कसला? आट्यापाट्या खेळा की.”

“सर, आट्यापाट्यांत मी तालुक्यात पहिली होते,” मी म्हटलं.

पाहणी मी नेटानं केली. समुद्रकाठच्या रेताड, उघड्या, वाऱ्याच्या जमिनीवरच्या कोर्सला लिंक्स म्हणतात. त्या हिशेबानं खरा लिंक्स आमचाच. मोठ्यावरची माती ट्रकनं आणलेली, झाडं लावलेली, वारा अडवलेला. आमच्या चौथ्या होलला वारा समोरून येतो आणि उंच मारलेला चेंडू परत पायाशी आणून टाकतो. तिथं चेंडू जमिनीलगत पळवावा लागतो. डोकं वापरावं लागतं. हे सगळं मी लिहिलं आणि चांगले गुण दिले. दोन होल्सना उगाच लांबवलंय, तेही लिहिलं. उगाच कौतुक करणं मला जमत नाही.

अडलं ते होलभोवतीच्या गोलावर. गवताच्या कोर्सवर त्याला ग्रीन म्हणतात. आमच्याकडे तो तेलात कालवलेल्या रेतीचा, तपकिरी, म्हणून ब्राउन. त्यावर पावलं उमटतात, म्हणून चेंडू ढकलण्याआधी दांड्याला लावलेला पाइप ओढून वाट सपाट करायची. एरवी ते काम आमच्या ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातून व्हायचं. त्या दिवशी मी एकटी होते. पाइप घेतला आणि मागं मागं सरकत, अर्धगोल फराटे काढत सगळा गोल देखणा केला. मग चेंडू सोडला. तो होलकडे निघाला आणि फराट्याच्या कडेनं वळून भलतीकडे गेला. दहा वेळा सोडला, आठ वेळा चुकला. मी फॉर्मवर लिहिलं: ब्राउन सदोष. सही केली.

ब्राउन राखणारे चाचा उत्तर प्रदेशचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. ते लांबून बघत होते. जवळ आले, फराट्यांकडे बघून हसले.

“बेटी, आंगन लीपा है क्या?”

मी खाली बघितलं. खरंच की. दहावीपर्यंत दर आठवड्याला मी अंगण सारवलं होतं, आणि हात तेच करून बसला होता. चाचांनी पाइप घेऊन चेंडूपासून होलपर्यंत एक सरळ पट्टा ओढला. परत दहा चेंडू सोडले. नऊ नीट गेले. मी दुसरी नोंद केली, पण पहिली खोडली नाही. मोजलेलं खोडायचं नाही, हे मी कॉलेजात शिकले होते.

बैठकीत सरांनी नेमकी पहिली नोंद वाचून दाखवली. म्हणाले, सदोष, आणि हा आकडा कोर्सच्या बाजूनं बोलणाऱ्या बाईंचाच आहे.

“आकडा माझा आणि चूकही माझीच,” मी म्हटलं. “मी ब्राउन सारवला.”

बाकी सगळं मी इंग्रजीत बोलले, पण त्या क्रियापदाला इंग्रजी शब्द मला सापडेना. कुवेती अध्यक्षांनी सरांकडे बघितलं. खोलीत मराठी कळणारे तेवढेच. मग सरांना समजावून सांगावं लागलं, की गावाकडे बायका शेण पाण्यात कालवतात, हातानं जमिनीवर पसरतात. अध्यक्षांच्या भुवया चढल्या. हात कसा फिरवतात, त्यांनी विचारलं. सर अडखळले. आयुष्य फरशीवर गेलेलं. शेवटी मी उठले आणि टेबलावर हात फिरवून दाखवला, आधी अर्धगोल, मग सरळ.

अध्यक्ष म्हणाले, जी बाई स्वतःची चूक सहीसकट ठेवते, तिचे बाकीचे आकडे मी मानतो. हात वर करायला सांगितले. कोर्स राहिला. सरांचा हात शेवटी, अर्धाच वर गेला, पण गेला.

बाहेर पार्किंगमध्ये त्यांनी विचारलं, “शुक्रवारी किती वाजता असता तुम्ही लोक?”

“साडेपाचला. पण सर, आम्ही उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही.”