सगळ्यांत काळा कागद

कागद तोलताना नाना श्वास रोखून धरत. चिमट्याने गोल कागद काट्यावर ठेवायचा, आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं, मगच खोकायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातूनच नमस्कार म्हणाले, तर त्यांचा हात वर झाला. आकडा उतरवून झाल्यावर म्हणाले, "पोरी, तुना नमस्कारले बी वजन ऱ्हास."

नाना एरंडोलकडचे, बोलणं अहिराणी. जळगावच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून परिचर म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या नागरिक गटासाठी हवा मोजू लागले. डाळमिलांमागच्या शाळेच्या गच्चीवर आमचं यंत्र होतं. ते हवा ओढायचं, धूळ कागदावर बसायची. कागदाचं वाढलेलं वजन म्हणजे खालच्या वर्गांतली मुलं घेत होती ती हवा. प्रत्येक कागद वेगळ्या पाकिटात, पाकिटामागे त्या दिवसाची हकीकत: वारा कुठला, गच्ची झाडली का, शेजारी लग्नाचे फटाके वाजले का.

आमची मागणी एकच होती. धूळ अडवणाऱ्या पिशव्या बसवल्याशिवाय मिलांना परवाने नकोत. पालिकेत सुनावणी लागली आणि मी पत्रक लिहायला बसले. पाकिटांतून सगळ्यांत काळा कागद काढला, त्याचा फोटो छापला, वर मथळा दिला: 'हे आमच्या मुलांचं फुप्फुस!' पाकिटामागची ओळ मी वाचली होती. 'गच्चीखाली टायर जाळले. धरू नये.' वाचली, आणि पाकीट उलटं ठेवलं.

सुनावणीत मिलवाल्यांच्या वकिलाने पत्रक हलवत विचारलं, "हा कागद कोणत्या दिवसाचा?"

मी नानांची बाही धरली. ती सोडवून ते उठले. "साहेब, त्या दिवशी टायर जळत होते. हा धरू नका. बाकीचे धरा."

"म्हणजे परवाना टायरचा रद्द करायचा!" वकील म्हणाला. सभागृह हसलं. बाकीचे कागद कोणी पाहिलेच नाहीत. परवाने मिळाले.

जिन्यात मी ओरडले, "नाना, आपल्याच लोकांना बुडवलंत!"

ते कठड्याला धरून दम घेत होते. "बाकीना बठ्ठा कागद राखाडी, पोरी. रोज राखाडी. तेच दुखनं शे. तुले काळाच पाहिजे व्हता."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गच्चीवर होते. त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला.

दोन महिन्यांपूर्वी नाना गेले. शेवटी शेवटी त्यांना तोलण्यापुरताही श्वास रोखता येत नव्हता. मिलच्या धुळीनेच त्यांना नेलं, असं मोठ्या अक्षरांत छापायला माझे हात शिवशिवतात. पण ते सिद्ध करणारा कागद माझ्याकडे नाही, म्हणून छापणार नाही.

परवा परवान्यांच्या नूतनीकरणासाठी पुन्हा सुनावणी आहे. या वेळच्या पत्रकाला मथळा नाही. वर्षभराचे राखाडी कागद ओळीने छापलेत. त्यांत तो जुना काळाही आहे, त्याच्याखाली नानांच्या अक्षरातली ओळ: 'धरू नये.'