पाच मण्यांचं फूल

त्या नारळाचं नाव काढलं तरी मला अजून मळमळतं.

नणंदेचं लग्न लोणखेड्याला ठरलं. आमच्यात नवरी सासरी जाताना रंगीत मण्यांच्या जाळीनं मढवलेला नारळ नेते, अन् ती जाळी वहिनीनंच विणायची. सासूबाई म्हणाल्या, "नारळ बिघडना ते तू मायेरे जाय. पोर आठेच ऱ्हाई."

पोर म्हणजे माझी सात महिन्यांची लेक. अंगावर पिणारी. तिला इथंच ठेवून मला माहेरी धाडणार.

मी चौथी शिकलेली, तोरणं विणलेली. सहा मण्यांचं एक फूल, फुलाला चिकटून दुसरं. मास्तरांनी जमिनीवर मांडून दाखवलेलं, एका बांगडीभोवती त्याच मापाच्या सहा बांगड्या बरोबर बसतात. म्हणून सहाच. पण नारळ गोल, जाळी कडेला उभीच राहायची. मला वाटलं मणी कमी पडतात, सात घातले. तर तिची झालर झाली, लिबलिबीत, ओल्या लाकडावरच्या आळंबीसारखी. बोट लावायची किळस. अन् सगळी फुलं सारखीच, डोळे मिटले तरी लिखांसारखी दिसायची.

"हाई फूल शे का कोंबडाना तुरा? मास्तरनी हाईच शिकाडं का तुले?" सासूबाई म्हणाल्या, शेजारणी खिदळल्या.

मी उसवून पुन्हा सहाचं ओवायला बसले, तेवढ्यात लेकीनं दोरा ओढला अन् हिरवा मणी तोंडात! घशात बोट घातलं, उलटी धरली, पाठीत थापट्या मारल्या, आंबट दूध माझ्या लुगड्यावर आलं, मणी नाही. सांगू कुणाला? कुणाला कळू नये म्हणून दुसरा मणी न मागता उरलेल्या पाचांनाच गाठ मारली.

ते फूल वाटीसारखं वाकलं, अन् नारळावर बसलं.

दुसऱ्या दिवशी दर लंगोट काडीनं उकरला. तिसऱ्यात मणी सापडला. शिसारी अन् रडू एकदमच आलं.

मग सहाच्या मधेमधे पाचाची फुलं घालत गेले. बारा लागली, बाकी सगळी सहाची, जाळी आपोआप मिटली.

सासूबाईंनी नारळ फिरवून पाहिला. "पाचनं करं ना? माले ठाऊकच व्हतं."

ठाऊक होतं! वीस दिवस मला रडताना बघत होती ही बाई. लंगोट उकरताना नव्हती वाटली एवढी घाण तेव्हा वाटली.

"ले तुन्ही पोर," म्हणाल्या, अन् नारळ कपाळाला लावला, मग ओठांना.

हिरवा मणी मी शेंड्यावर, मधोमध ओवला होता. धुतला होता. तीनदा.