बोलायची पद्धत

अशी जवळ बस. इतके दिवस फिरकली नाहीस, शोभतं का? ऐक. अमेरिकेतल्या त्या कॅरी गावच्या लायब्ररीत एक मुलगी भेटायची. जीव नकोसा झालेल्यांना सावरायची थेरपी शिकत होती. फोन सतत हातात.

एकदा जिना चढून मी म्हटलं, "मेले बाई मी." तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काकू, खरंच मरावंसं वाटतं?"

"अगं, बोलायची पद्धत आपली."

"माझी पेशंट मराठीच. तीही हसत असंच म्हणाली. सरळ विचारा, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. मला वाटलं, बोलायची पद्धत. विचारलंच नाही. सकाळपासून फोन उचलत नाहीये."

तिचा हात मी धरून बसले. फोन काही आला नाही. ती पुन्हा दिसली नाही. धास्ती मात्र माझ्याकडे राहिली. तू तिकडे एकटी असतेस. शनिवारी परत ये, बाळा.