सुषमानं काढलेला कस्तुराबाईंचा फोटो

निमोण्याची सुषमा कोळपे व्हिडिओ बघून बघून फोटो काढायला शिकली. आमच्या शिरूर-दौंडच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर ती नुसती वाचायची. कुणाच्या लेन्सला बुरशी लागली, कुणी कुणाचा फोटो नाव पुसून चोरला, ही आमची रोजची रड. चोरीवर सगळ्यात जास्त तोंड सोडायचे ते ग्रुपचे अ‍ॅडमिन, वरवंडचे बापूसाहेब.

एका लग्नात बापूसाहेब पुढाऱ्यांच्या सत्काराचे फोटो काढण्यात गुंतले होते. त्यांची आई कस्तुराबाई मांडवाच्या कडेला एकट्याच बसल्या होत्या. सुषमानं त्यांचा फोटो काढला आणि हौसेनं ग्रुपवर टाकला.

बापूसाहेबांनी लिहिलं, "बाई, ह्याला फोटो म्हणत न्हाईत. अर्धं तोंड अंधारात हाय. आधी शिका, मग टाका."

त्यावर आम्ही अठराजणांनी अंगठे दिले. त्यातला एक माझा. लाज वाटते, पण दिला.

गेल्या महिन्यात कस्तुराबाई गेल्या. हजार लग्नं शूट केलेल्या ह्या माणसाकडं आईचा एक धड फोटो नव्हता! दशक्रियेच्या फ्लेक्सवर सुषमाचाच फोटो छापला, कोपऱ्यातलं तिचं नाव पुसून. वर तो ग्रुपवरही टाकला. आम्ही एकामागून एक हात जोडले.

मग सुषमानं लिहिलं, "बापूसाहेब, ह्याला फोटो म्हणत न्हाईत."

मिनिटभरात त्यांनी तिला ग्रुपमधून हाकललं. फ्लेक्स मात्र चौकात तसाच आहे, अर्धं तोंड अंधारात.