धन्याचा वास

आधी तोंडातला चहा गिळून घ्या, मग सांगते. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना माझ्या मावसबहिणीच्या नाकातून चहा आला आणि वर तीच माझ्यावर चिडली. आणि हो, एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. मी बी.एस्सी. आहे. केमिस्ट्री घेऊन, फर्स्ट क्लासमध्ये. हे आत्ताच का सांगितलं ते पुढं कळेल. तेव्हा माझ्याकडं तसं बघू नका म्हणजे झालं.

तर झालं काय, आमच्या ह्यांनी साखर कारखान्याची नोकरी सोडली. तिथं हे डिस्टिलरीच्या लॅबमध्ये होते. घरी आले की अंगाला मळीचा असा वास, की दारातलं मांजर उठून शेजारी जायचं. मी नाक मुरडायची, पण मनातून निर्धास्त असायची. असल्या वासाच्या माणसाजवळ दुसरी कोण येऊन बसणार?

नवी नोकरी येडशीजवळ. छोटीशी कंपनी, पत्र्याचं शेड, आत काचेची नळकांडी. झाडापाल्यातून रसायनं काढायची आणि त्यांचं इंधन करायचं. साधंसुधं नाही हं, विमानाचं! पहिल्या दिवशी घरी येऊन ह्यांनी मला सगळं हात हलवून हलवून समजावून सांगितलं. पण आमच्या ओवीला तेव्हा दात येत होते. पोर खांद्यावर, तिची लाळ माझ्या मानेवर, आणि डोक्यात एकच घोर, की आज हिचं पोट बिघडलं ते दातांमुळं की मी चारलेल्या केळामुळं? ह्यांच्या प्रत्येक वाक्याला मी नुसतं "हं" म्हणत होते. एवढ्या मोठ्या व्याख्यानातलं माझ्या वाट्याला 'झाडपाला' आणि 'विमान' एवढंच आलं.

ते "हं" मला लई महागात पडलं बघा.

आठवडाभरात ह्यांच्या शर्टाला वास यायला लागला. मळीचा नव्हे. गोड, फुलांचा, मंद. पुण्यातल्या मॉलच्या दारातून आत गेलं की येतो ना, तसला! मी शर्ट नाकाला लावून उभी राहिले. मग स्वतःचा पदर हुंगला. हिंग, ओवा, उलटलेलं दूध आणि थोडंसं खोबरेल. म्हणजे इकडं मी चालतंबोलतं बाळंतकाढ्याचं दुकान, आणि तिकडं कोणीतरी मोगऱ्याची बाग!

तरी म्हटलं, संशय घेऊ नये. आपण शिकलेल्या बायका.

मग ह्यांचे फोन कानावर पडायला लागले.

"लीना आज कशी आहे?... वा! सुंदर!... जपा तिला. हवा लागली की लगेच बिघडते ती."

हवा लागली की बिघडते! मला बाळंतपणानंतर हवा लागून सर्दी झाली, तेव्हा हेच गृहस्थ म्हणाले होते, "काढा घे की, चार दिवसांत जाईल."

दुसऱ्या दिवशी तर कहरच. "सर, लीनाची गोष्टच वेगळी! आकार केवढासा, पण ताकद बघा! कमी जागेत जास्त ऊर्जा!"

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. हात तसाच थांबला. आकार केवढासा! ओवी झाल्यापासून माझा एकही ब्लाऊज मला होत नाही, हे ह्यांना ठाऊक नाही का? आणि ऊर्जा म्हणाल तर दिवसभर लेकराच्या मागं धावून संध्याकाळी मला स्वतःचं नाव आठवत नाही.

म्हटलं, सरळ विचारावं. सकाळी डबा देता देता सहज विचारल्यासारखं केलं. "ही लीना रोजच असते का हो तिथं?"

"रोज!" हे मोजे चढवत म्हणाले. "तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही."

"अस्सं. आवडते वाटतं तुम्हाला?"

"अगं, तुला सांगितलं होतं की पहिल्याच दिवशी! तू 'हं' म्हणालीस."

आणि गेले. मी दारात उभी. म्हणजे ह्या माणसानं मला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, आणि मी परवानगी दिली होती?

तुम्ही म्हणाल, खोदून विचारायचं ना! अहो, पण विचारलं आणि ह्यांनी "हो" म्हटलं तर? एकदा का "हो" ऐकलं की मग ते परत घरात मावतं का? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. आणि एक आतली गोष्ट सांगू? माझा जळफळाट ती सुंदर आहे ह्यापायी नव्हता. ती तिथं होती ह्यापायी होता. काचेची भांडी, तो उग्र वास, काहीतरी नवं होताना बघण्याची ती घालमेल, हे सगळं कधीकाळी माझंही होतं. कॉलेजात माझ्या हातचं ब्युरेटचं माप सगळ्यात अचूक उतरायचं. आता माझा एकच प्रयोग चालू, पेजेत तूप किती घातलं की पोर थुंकत नाही!

त्या संध्याकाळी शेवटचा फोन ऐकला. "नाही सर, एकीनं भागत नाही. दोघी जोडल्याशिवाय पाहिजे ती मजा येत नाही."

दोघी!

मी सरळ आत्यांकडं गेले. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या लसूण सोलत बसल्या होत्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं होतं, लेकाची बाजू घेतील. पण आत्यांनी लसणाचं ताट बाजूला सारलं.

"कोन गं ही लीना?"

"ठाऊक नाही आत्या. पण लहानखुरी आहे. आणि वास लई चांगला येतो तिचा."

"वास येतो? मंग शिकलेली आसंल." आत्यांनी पदर खोचला. "ह्याचा बाप बी आसाच. कारभारी म्हनून मिरवायचा अन् बाजाराच्या दिवशी उशिरा घरी यायचा. उद्या जायचं. म्या बगते त्या भवानीला."

"मी काय नेसू?" माझ्या तोंडून आधी हेच निघालं. बघा, माझी मेली अक्कल!

दुसऱ्या दिवशी मी लग्नातली जांभळी साडी नेसले. ब्लाऊज पाठीमागून सेफ्टी पिनांनी कसाबसा जुळवला आणि वरून पदर घट्ट घेतला. लिपस्टिक लावली, ती ओवीनं येडशी येईपर्यंत आपल्या गालाला पुसून घेतली. आत्यांनी सोबत डबा घेतला. मी विचारलं, "डबा कशाला?" तर म्हणाल्या, "रिकाम्या हातानं गेलं तर भांडायला आल्यावानी दिसतंय."

कंपनीच्या फाटकाशी एक म्हातारे वॉचमन बसले होते. आत्यांनी डबा काखेत मारून थेट तोफ डागली.

"लीना हितंच आसती का?"

"लीना बघायला आलाव व्हय? आत हाय की! दिसभर सायबाच्याच हातात आसती."

माझ्या पायाखालची जमीन थोडी डावीकडं सरकली.

"कुनाची कोन म्हनायची ती?" आत्या म्हणाल्या.

"कुनाची म्हंजे? धन्याचीच की!"

आत्या गर्रकन माझ्याकडं वळल्या. मालकाची पोर!

वॉचमनबाबांना तर गप्पा मारायला माणूसच हवं होतं. "मागं दुसरीकडची बी आनून बघितली. पर सायबाला पसंत पडली न्हाय. मला धन्याचीच पायजे म्हनले. आन् खरंच, धन्याची ती धन्याचीच! काय तिचा वास!"

आता आली का पंचाईत! भांडावं तर ह्यांची नोकरी जाते, गप्प बसावं तर नवरा जातो. मी आत्यांचा हात धरला. "आत्या, परत जाऊ. घराचं भाडं आहे, ओवीचे डोस आहेत..."

"गप गं. मालकाची आसंल न्हायतर कलेक्टरची. मालकालाच इचारू."

शेडमध्ये सतरंज्या अंथरलेल्या. वाशी तालुक्यातले पुष्कळ शेतकरी बसलेले, काही बायाही होत्या. पुढं फळा आणि फळ्याकडं तोंड करून आमचे हे, काहीतरी खरडत. कडेला खुर्चीवर पांढरं धोतर, कपाळाला भस्माचे पट्टे असे एक वयस्कर गृहस्थ. सगळे त्यांना अप्पा म्हणत होते. म्हणजे हेच मालक. आम्हाला बघून उठले बिचारे. "या या अक्का, बसा. लेकराला सावलीत घ्या."

एवढा चांगला माणूस! आणि ह्याची लेक अशी!

तेवढ्यात हे फळ्याकडं बघतच म्हणाले, "तर मंडळी, इतके दिवस तुम्ही लीना, लीना ऐकताय. आज तिला तुमच्यासमोरच आणतो."

समोर आणतो! चारचौघांत! माझ्यातलं काहीतरी उठून उभं राहिलं आणि त्याच्या मागोमाग मी.

"अप्पा!" माझा आवाज इतका चिरका निघाला की ओवी दचकून रडायला लागली. "तुमच्या लीनाला आवरा! माझा संसार आहे. पदरात लेकरू आहे."

सगळं शेड माझ्याकडं वळलं. "अगं, तू इथं?" म्हणताना ह्यांच्या हातातला खडू पडला. आणि अप्पा? अप्पा शांतपणे, अगदी समजुतीनं म्हणाले, "आता कशी आवरू बाई? आता कुठं ती रंगारूपाला यायला लागलीय. तुमच्या यजमानांनी तिच्यापायी रक्त आटवलंय. मी तर म्हणतो, नुसती आपल्यापुरती कशाला ठेवायची? साऱ्या जगाला देऊ."

"अगं बया बया!" आत्यांनी तोंडावर पदर घेतला.

"एकदा तिचं नीट जमलं," अप्पा पुढं म्हणाले, "की तिला विमानातच घालणार आहे मी."

"घाला की!" आत्या कडाडल्या. "आज घाला, आत्ता घाला! पर एकलीलाच घाला! माझ्या पोराला कशाला सोबत धाडताव?"

इकडं ओवी रडतेय आणि माझ्या पाठीवरची एक पिन सुटून मला टोचतेय. मी "आई गं" म्हटलं, ते सगळ्यांना संसाराच्या दुःखातलं वाटलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तर डोळे टिपले.

मग आमचे हे हळूहळू चालत आले. हातात एक तपकिरी बाटली. इंजेक्शनची असते त्याहून जरा मोठी. तोंड असं, की हसावं की जमिनीत जावं ते ठरत नाही.

"आई," ते म्हणाले, "ही लीना."

त्यांनी बूच काढलं. आणि शेडभर तोच वास! गोड, फुलांचा, मंद. शर्टाचा वास!

"लिनालूल," हे माझ्याकडं बघत खालच्या आवाजात म्हणाले. "इथं कुणाची जीभ वळेना, म्हणून सगळे लीना म्हणतात. धन्यातून निघते. धन्याला वाफ दिली, की तेल येतं, त्या तेलात असते."

धन्यातून. धनी नव्हे. धने! आमटीतले, चटणीतले धने! हे सगळे शेतकरी धने पेरायचे की नाही ते ठरवायला जमलेले. आणि मी अर्ध्या वाशी तालुक्यासमोर कोथिंबिरीच्या बियांशी सवतीचं भांडण मांडून उभी!

"आणि त्या दोघी जोडणं?" मी तरीही विचारलं. बुडत्याला काडीचा आधार.

हे फळ्याकडं गेले. रेघा काढून दाखवल्या. लीनाच्या रेणूची आधी गोल कडी करायची, मग तिच्यातलं पाणी काढून टाकायचं, मग असे दोन रेणू एकमेकांना जोडायचे आणि वरून हायड्रोजन द्यायचा. की झालं घट्ट, दमदार इंधन. थोड्या टाकीत लांबचा पल्ला. आकार केवढासा, ताकद बघा.

"पण हे तर अल्कोहोल आहे," मी फळ्याकडं बघत पुटपुटले. "तिसऱ्या प्रकारचं. म्हणून पाणी सहज निघतं."

"बरोबर!" हे खूश झाले, आणि त्या खुशीत भर सभेत विचारून बसले, "तू तर बी.एस्सी. ना गं, केमिस्ट्रीत? मग लिनालूल ओळखली नाहीस?"

म्हटलं नव्हतं, माझ्याकडं तसं बघू नका म्हणून!

तेव्हा मात्र शेड फुटलं. शेतकरी हसले, बाया हसल्या, डोळे टिपणाऱ्या बाई तर सगळ्यांत जास्त हसल्या. अप्पा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "वहिनींना आधी चहा द्या रे!" आत्या तेवढ्या गंभीर. त्यांनी बाटली नाकाशी धरली, परत हुंगली आणि मला म्हणाल्या, "वास चांगलाय. पर तुझ्या आमटीला कदी आला न्हाय गं."

परतताना आम्हाला अप्पांनी पिशवीभर धने दिले. एसटीत आत्या त्या पिशवीवर हात ठेवून बसल्या होत्या, जणू ती पळून जाईल.

आता तुम्ही म्हणाल, मिटलं. मिटलं कुठलं! परवा संध्याकाळी हे फोनवर बोलत होते, आम्ही दोघी भाजी निवडत होतो.

"वहिनी तापलीय? परत? जवळ जाऊ नका कोणी! झाकणाला हात लावू नका. बोलूबिलू नका, थोडी वाफ सोडली की आपोआप शांत होते."

आत्यांच्या हातातली मेथीची जुडी थांबली. डोळे बारीक झाले.

"आता ही वहिनी कोन गं?"

मी मान खाली घातली. "मीच, आत्या."

त्यांना समजावून सांगावं लागलं. कंपनीत नवं भांडं आलंय, लीना शिजवायचं. कारण नसताना तापतं, शिट्ट्या मारतं आणि सगळ्यांची धावपळ करवतं. कामगारांनी एकमतानं त्याचं नाव ठेवलंय, 'वहिनी'.

लीना बाटलीत मावते. वहिनीला आत घ्यायला शेडची भिंत पाडावी लागली म्हणे.