एकदाच लिहिणारे मामा

एकच काम दोनदा करायचा एवढा संताप येणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल. तुमसरला मी ज्या बाईंकडे भाड्याने राहत होतो त्यांचे हे भाऊ, म्हणून साऱ्या गल्लीचे मामा. बहिणीने जेवायला दुसरी हाक मारली की हे रुसत. "पयलीच आयकू आली ना बाई, दुसरी काहून?" भाचीच्या लग्नाची पत्रिका गल्लीत एकाच घरी दिली आणि बाकीच्यांना तिथे जाऊन वाचायला सांगितलं! आठवीतून शाळा सोडून सांगलीहून इतक्या लांब आलेल्या मला टायपिंग शिकवलं ते यांनीच, राइस मिलमधल्या नव्या कॉम्प्युटरवर चिकटवलंही यांनीच. उपकार आहेतच. पण राग यायचा तो येतोच.

मिलमध्ये येणाऱ्या धानाच्या प्रत्येक गाडीचा, मामांनी मिलसाठी स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममध्ये, एक ऑब्जेक्ट म्हणजे माहितीचा कप्पा व्हायचा. तो तयार करून भरणारे कोडचे तुकडे, म्हणजे कन्स्ट्रक्टर, दोन. एकाला गाडीचा नंबर आणि वजन द्यायचं. दुसऱ्याला, काट्यावर वजन व्हायचं असेल तर, नुसता नंबर, वजन शून्य. तेच पुन्हा लिहिणं मामांच्या जिवावर आलं. त्यांनी दुसऱ्यातून पहिल्यालाच बोलावलं. "तो करते ना समदं? मंग हा कायले राबन?"

शेठजींसमोर मी पहिल्या गाडीचा नंबर टाकला. पडद्यावर नंबर भलताच, वजन उणे एकोणतीस हजार क्विंटल.

"ये कैसा आदमी लाया? उद्यापासून येऊ नको रे!" शेठजी कडाडले.

"बटन जोरानं दाबलं असन यानं," मामा म्हणाले.

जोरानं! देवाला फूल वाहावं तशी दाबत होतो मी! गावी कोणत्या तोंडाने परतायचं, या धास्तीत मी डबा न उघडताच ठेवून दिला.

दुपारी मामा प्रोग्रामचे कागद फडकवत आले. "च्यामारी! या भाषेत तसं बोलावलं का ते दुसरीच बिननावाची गाडी बनवते, तिच्यात समदं भरते आन् फेकून देते. आपली तशीच, बिनभरली! आतमंदी मेमरीत आधीचा जो कचरा पडून होता तोच दिसला." आणि तसेच शेठजींकडे गेले. "याची चूक नाही. माही हाय."

माझी नोकरी राहिली. मामांना मात्र शेठजींनी पुन्हा कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. खरं बोलल्याची ही शिक्षा! आजही आठवलं की अंगाची लाही होते. मामा आंधळगावला शेतीवर परतले. मी सायकल काढून भेटायला जायचो. प्रोग्रामचा विषय ते काढत नसत. निघताना मात्र बांधीच्या धुऱ्यावर, धानाच्या शेताच्या बांधावर, उभे राहून विचारत,

"तुही खुर्ची हाय ना रे अजून?"

"आहे मामा."

"मंग झालं."