नांग्या भरलेली तीन रोपं

सातवीत शाळा सोडली, पुढे हिंगोलीकडून गोरेगावला आलो. इथल्या एका प्रयोगशाळेत मॅडमनी रोपांचं काम माझ्यावर सोपवलं. शिक्षण विचारलं नाही, ते उपकार मी विसरत नाही. पण तेव्हापासून जिवाला घोर, आपल्या हातून काही बिघडायला नको.

रोपं मोहरीच्या जातीची, बोटभर. एकाच पाकिटातलं बी दोन ट्रेंत. एक ट्रे दीड महिना थंड कपाटात राहून आलेला. दुसरा उबेतच, मागाहून पेरलेला. थंडीतल्या ट्रेमधली तीन रोपं मेली. आमच्याकडे मिरचीत असं झालं की रिकाम्या जागी त्याच बियाण्याची रोपं लावून नांग्या भरतात. मीही शेजारच्या ट्रेमधली तीन उचलून लावली. ट्रे भरलेला दिसला, बरं वाटलं.

पुढे त्या ट्रेला फुलं आली. तीन रोपं सोडून.

"हीच का अडली असतील हो दादा?" मॅडम म्हणाल्या.

ती मीच लावलेली तीन. बी तेच, माती तीच, पाणीही मीच घातलेलं. मग फरक कसला?

"मॅडम, थंडी तर केव्हाच संपली ना? रोपाला ती आठवते काय?"

त्यांनी रोपं बांधायच्या सुतळीचा गुंडा उचलला. "पेशीत असाच दोरा रिळांवर गुंडाळलेला असतो. क्रोमॅटिन म्हणतात. 'इतक्यात फुलू नको' असं जिथे लिहिलंय, तो भाग थंडीत घट्ट गुंडाळला जातो. मग वाचताच येत नाही. ऊब आली तरी सुटत नाही, म्हणून फूल येतं. लिहिलेलं मात्र सगळ्यांत सारखंच."

सारखंच, तरी वेगळं? माझ्या डोक्यात तोच गुंडा सुटून पडला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलंय. फेकून द्या हा ट्रे. पुन्हा पेरू."

"फेकू नका मॅडम. ती तीन थंडीतली नाहीतच. मी नांग्या भरल्या."

नांग्या म्हणजे काय, तेही सांगावं लागलं. त्या स्टुलावर बसल्या.

"अहो दादा, वाट लावली होतीत ना माझी! कोणती तीन, खात्री आहे?"

मी दाखवली. त्यांनी तिन्हींजवळ लाल काड्या खोचल्या. ट्रे राहिला.

"उद्यापासून मेलेल्या रोपाची जागा रिकामी ठेवायची. आणि मला सांगायचं."

त्यातलं मला 'उद्यापासून' तेवढं ऐकू आलं. म्हणजे उद्याही कामावर यायचं.

ती तीन रोपं अजून नुसती पानंच काढतायत. पाणी घालताना मी वाकून बघतो. कुठे गुंडाळलेलं, कुठे सुटं, काहीच दिसत नाही.